बीएस्सी फिजिक्स : कटऑफसोबत लॅबचेही आकडे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र मोठं झालंय, कापायचं तर कापा पण मधलं लॅबचं तेवढं ठेवा. बारावीच्या निकालानंतर दरवर्षी तुमच्या पेपरात मुंबईतल्या कॉलेजांचा तक्ता येतो, कॉलेजचं नाव, यंदाचा कटऑफ, मागच्या वर्षीचा कटऑफ आणि शेवटच्या रकान्यात स्टेशन. यंदाही आला. माझ्या बहिणीने तो कात्रीने कापून फ्रिजवर लावला आणि मला फोन केला, दादा, पोरगी फिजिक्स घेणार म्हणून बसलीय, तू एवढी वर्षं कॉलेजात काढलीस, यातलं कुठलं चांगलं ते सांग. मी भांडुपला जाऊन तो तक्ता दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि मला काहीच सांगता येईना.

आधी माझं सांगतो. मी प्रोफेसर वगैरे नाही. मुंबईतल्या एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये ३३ वर्षं होतो, आधी अटेंडंट, नंतर असिस्टंट. सकाळी कपाटं उघडायची, प्रॅक्टिकल लावायचं, पोरांनी वायरी उलट्या जोडल्या की फ्यूज बदलायचा, संध्याकाळी लेन्सा मोजून परत ठेवायच्या. पोरं मला मामा म्हणायची, कॉलेजात प्यून आणि लॅबवाले सगळे मामाच असतात. आता सख्खी भाची मामा मामा करत विचारायला आली तर कटऑफ बघून घे असं कसं सांगू.

कटऑफ म्हणजे नेमकं काय हे तरी तक्त्याखाली एका ओळीत छापत जा. तो आकडा फिजिक्सचा नाहीच आहे. आत्ता आत्तापर्यंत आपल्या विद्यापीठात एफवायला फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स असे तीन विषय घ्यायचे, एसवायला दोन उरायचे आणि टीवायला एक, म्हणजे फिजिक्सचा विद्यार्थी तयार व्हायचा तिसऱ्या वर्षी, आणि कटऑफ लागायचा पहिल्या वर्षी सगळ्या बीएस्सीचा मिळून. वर प्रत्येक कॉलेज आधी आपल्याच ज्युनिअर कॉलेजच्या मुलांना घेतं, बाहेरच्यांसाठी उरलेल्या जागा, त्या कमी असल्या की आकडा आपोआप वर चढतो, आणि लोक म्हणतात वा काय कॉलेज आहे. त्या आकड्यावरून कॉलेजला किती जण रांग लावतात एवढं कळतं. आत गेल्यावर स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजायच्या यंत्राला, हात लावायला मिळतो का ते कळत नाही.

आता नवीन शैक्षणिक धोरणाने मेजर मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक जोडीचा विषय, असं आलंय, डिग्री चार वर्षांची झालीय, तीन वर्षांनी बाहेर पडता येतं. म्हणजे आता बघायच्या गोष्टी वाढल्या. चौथं वर्ष त्या कॉलेजात फिजिक्सला आहे का, की तिसऱ्यानंतर दुसरीकडे जा म्हणणार? पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के पडले तर चौथ्या वर्षी रिसर्चवालं ऑनर्स करता येतं म्हणतात, ठीक आहे, पण ते करून घ्यायला डिपार्टमेंटमध्ये पीएचडीचे गाइड हवेत, जागा हवी, उपकरणं हवीत. यातलं तक्त्यात काहीच नसतं. ऑटोनॉमस, म्हणजे स्वायत्त, कॉलेजांचंही तसंच, झेवियर्स २०१० पासून ऑटोनॉमस आहे, रुईया २०१७ पासून, म्हणजे त्यांचा सिलॅबस त्यांचा, पेपर त्यांचे, मग तिथले ८० आणि दुसरीकडचे ८० एका तराजूत कसे टाकणार.

माझे दाजी, म्हणजे मुलीचे वडील, त्यांचं पहिल्यापासून एकच, फिजिक्स करून काय मास्तर व्हायचंय का, आयटीला घाल. मी त्यांना होमी भाभांचं सांगितलं, की ते एल्फिन्स्टनला आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला शिकून १९२७ साली केंब्रिजला गेले तेव्हा घरच्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंगलाच पाठवलं होतं, नंतर ते फिजिक्सकडे वळले. दाजी म्हणाले ते भाभा होते. यावर काय बोलणार. मग म्हटलं बरं, फिजिक्सच्या शास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले घ्या, दोन हजार चोवीसला गेल्या त्या, पुण्याच्या एसपी कॉलेजच्या बीएस्सी, मग पवईच्या आयआयटीत एमएस्सी, अमेरिकेत पीएचडी, परत येऊन टीआयएफआर ही कुलाब्याची संशोधन संस्था, आणि १९८२ ते १९९५ आपल्या कलिन्याला विद्यापीठात शिकवत होत्या, मग बंगळूरला गेल्या. बीएस्सी साध्या कॉलेजात झालं म्हणून कुठे अडलं नाही. तो पवईचा दरवाजा आजही उघडा आहे, बीएस्सीनंतर जॅमची परीक्षा देऊन एमएस्सीला जाता येतं. दाजी गप्प बसले, पटलं म्हणून की चहा आला म्हणून ते माहीत नाही.

एका गोष्टीचा मात्र मला तुमच्यावर खरंच राग आहे. तुमच्या तक्त्यात कलिन्याचं सेंटर फॉर एक्सलन्स इन बेसिक सायन्सेस नाही. २००७ साली मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा खात्याने मिळून काढलेलं, विद्यापीठाच्याच आवारात, पाच वर्षांत थेट एमएस्सी, टीआयएफआरची आणि बीएआरसी या अणुसंशोधन केंद्राची माणसं येऊन शिकवतात. सांताक्रूझवरून रिक्षाने जायचं अंतर. त्याची ॲडमिशन नेस्ट नावाच्या परीक्षेवर होते, भुवनेश्वरच्या नायझर या विज्ञान संस्थेची आणि याची परीक्षा एकच. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेचंही तसंच, त्यांची परीक्षा वेगळी. आणि यांचे फॉर्म भरायचे असतात निकालाच्या आधी! बारावीचा निकाल लागल्यावर तक्ता छापून काय उपयोग, तोपर्यंत गाडी सुटलेली असते. माझ्या भाचीला हे सगळं कळलं ते मे महिन्याच्या शेवटी, क्लासच्या एका मैत्रिणीकडून. तिला कोणी सांगितलं नाही, आणि लॅबमध्ये जन्म घालवलेल्या मामाने पण सांगितलं नाही, तो गणपतीच्या वर्गणीच्या हिशेबात होता. ही माझी चूक, ती मी कबूल करतो. पण जानेवारी फेब्रुवारीत तुम्ही एक चौकट छापली असती तर बहिणीने तीही फ्रिजवर लावली असती.

तर मग उरली नेहमीची कॉलेजं. मी भाचीला म्हटलं चल, सहा कॉलेजं बघू, पण ऑफिसच्या खिडकीवर जायचं नाही, लॅब बघायची. सेंट्रलवरची, वेस्टर्नवरची, एक पार टाऊनमधलं. नावं लिहीत नाही, कारण एक दिवस बघून कोणाची अब्रू काढणं बरोबर नाही, आणि दोन ठिकाणी मला आत सोडलं ते ओळखीवर, त्या माणसांना त्रास नको.

पहिल्या ठिकाणी वॉचमन म्हणाला लॅब ॲडमिशन झाल्यावर बघायची. म्हणजे कपडे शिवून झाल्यावर माप घ्यायचं. तिथून परत फिरलो.

दुसरीकडे काचेचे दरवाजे, एसी, मोठा स्क्रीन, सगळं चकाचक. टेबलांवर ओळीने किट मांडलेली. किट म्हणजे काय ते वाचकांना सांगतो, एक प्लास्टिकचा डबा, वर झेनर डायोड या छोट्या इलेक्ट्रॉनिक भागाचं सर्किट छापलेलं, मीटर आतच बसवलेले, पोरांनी चार पिना खोचायच्या, बटण फिरवायचं आणि आकडे उतरवायचे. दहा मिनिटांत प्रॅक्टिकल संपतं. आमच्याकडे पण आली होती शेवटी शेवटी. त्यात काही बिघडतच नाही, मग पोरगं शिकणार काय? ब्रेडबोर्डवर, म्हणजे भोकांच्या पट्टीवर, स्वतः वायरी खोचून सर्किट लावलं की पहिल्यांदा चालत नाही, दुसऱ्यांदा चालत नाही, मग वायर तुटलीय की डायोड उलटा लागलाय ते शोधताना पोराच्या कपाळाला घाम येतो, तो घाम म्हणजेच फिजिक्स असं आमचे एक सर म्हणायचे. भाचीला मात्र ते कॉलेज आवडलं होतं, एसी होता ना. मी काही बोललो नाही.

तिसऱ्या ठिकाणी मायकेलसन इंटरफेरोमीटर होता. महागडी वस्तू, दोन आरसे, प्रकाशाचा एक किरण दोघांत वाटायचा आणि परत एकत्र आणायचा. मी विचारलं कधी लावता, तर कपाट उघडून दाखवला, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर दोरा, दोऱ्यावर धूळ. डेडस्टॉक, म्हणजे कायमच्या सामानाच्या, रजिस्टरला नोंद आहे, इन्स्पेक्शनला दाखवायचा आणि परत ठेवायचा. त्या बिचाऱ्या माणसाला पण काय बोलणार, काही मोडलं तर चौकशी त्याची, राइट ऑफ करायला तीन सह्या लागतात, मग तो कशाला बाहेर काढेल. ब्रोशरमध्ये मात्र त्या मशीनचा फोटो आहे.

चौथं कॉलेज जुनं. सागवानी टेबलं, त्यांवर सोल्डरिंगचे काळे डाग, डार्करूमला फाटका काळा पडदा. तिथला असिस्टंट माझ्या ओळखीचा, परीक्षेच्या वेळी आम्ही एकमेकांकडून सोडियम लॅम्प उसने न्यायचो. त्याला म्हटलं जर्नलं, म्हणजे पोरांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या, दाखव. तो म्हणाला आमच्याकडे काय बघायचंय, पोरं घाण करून ठेवतात. आणि खरंच, जर्नलं घाण होती. आकडे खोडलेले, परत लिहिलेले, बाजूला पेन्सिलने प्रश्नचिन्ह, आणि मागे रफ वहीचं पान चिकटवलेलं, त्यावर त्याच दिवशीची सरांची सही. मी भाचीला म्हटलं हे बघ, हे कॉलेज.

तिला कळेना. मग तिथेच न्यूटन रिंग्जचं समजावलं, तेच तुमच्या वाचकांना पण सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं या एका प्रॅक्टिकलमध्ये आहे. सपाट काचेवर एक बाकदार लेन्स ठेवायची, वरून सोडियमचा पिवळा प्रकाश टाकायचा, मायक्रोस्कोपमधून बघितलं की गोल गोल रिंगा दिसतात, एक काळी एक पिवळी. लॅम्प चालू केल्याबरोबर पिवळा होत नाही, आधी लालसर गुलाबी जळतो, पाच दहा मिनिटं थांबावं लागतं, एवढा वेळही प्रॅक्टिकलच्या तासात धरलेला पाहिजे. मग मायक्रोस्कोपची क्रॉसवायर एकेका रिंगेवर आणायची, डावीकडून सुरू करून उजवीकडे न्यायची, स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा, चुकून मागे फिरवला की बॅकलॅश, म्हणजे स्क्रूच्या ढिलाईची चूक, येतो आणि सगळं पहिल्यापासून. वीस रिंगा डावीकडे, वीस उजवीकडे, डोळे दुखतात. मग व्यासांचे वर्ग करून ग्राफ काढायचा आणि त्यातून प्रकाशाची वेव्हलेंथ, म्हणजे तरंगलांबी, काढायची. आता गंमत अशी आहे की उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं, ५८९३ अँगस्ट्रॉम (लांबीचं अगदी बारीक माप). ज्याने खरंच मोजलंय त्याचं ५७०० येतं, ६१०० येतं, एखाद्या हुशार पोराचं ५८५० येतं. आणि ज्याचं बरोब्बर ५८९३ येतं त्याने घरी बसून उलटं गणित केलेलं असतं, आमच्या भाषेत रीडिंग शिजवलेलं असतं.

पाचव्या कॉलेजात एका कपाटावर गेल्या वर्षीच्या जर्नलांचा गठ्ठा होता, आम्ही तीन उघडली, तिन्हीत ५८९३. अक्षर सुंदर, मार्जिन लाल पेनने, एक खोडलेला आकडा नाही. भाची हसली. पहिल्यांदाच तिला कळलं की मामा काय बघतोय.

मी पण हसलो पण मला आतून बरं वाटलं नाही, कारण शेवटच्या काही वर्षांत हे मी स्वतः केलंय. आमच्याकडे शिक्षकांच्या चार जागा रिकाम्या होत्या, भरल्याच नाहीत, शिकवायला सीएचबीवाले, तासावर पैसे घेणारे, ते बिचारे एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात लोकलने पळायचे, एका खोलीत दोन बॅचेस एकदम, मायक्रोस्कोप तीन आणि पोरं चाळीस. एका सेटला तेरा चौदा जण, एक बघतो, दुसरा लिहितो, बाकीचे मोबाइलवर. मग माझ्या ड्रॉवरमध्ये एक जुनं सर्टिफाय झालेलं जर्नल असायचं, ते मी द्यायचो, उतरवून घ्या रे आणि वेळेत निघा. पोरं खूश, सर खूश, बाहेरून येणारे परीक्षक, एक्सटर्नल, पण खूश. त्यातली काही पोरं आज शाळेत फिजिक्स शिकवतात. मी रिटायर झालो त्या जागेवर अजून माणूस आलेला नाही, कपाटाच्या किल्ल्या क्लार्ककडे असतात असं ऐकलं.

सहावं कॉलेज लांब होतं, भांडुपहून गाडी बदलून जायचं, मी थकलो होतो, म्हणून मी कँटीनमध्ये बसलो आणि भाची एकटीच वर गेली. पाऊण तासाने आली. लॅब बंद होती पण कॉरिडॉरमध्ये टीवायच्या दोन मुली प्रोजेक्टचं काही करत बसल्या होत्या. हिने त्यांना काय विचारावं? मी विचारलं असतं बॅच किती जणांची. हिने विचारलं, तुमच्याकडे एखादी वस्तू बिघडली तर काय करता? त्या म्हणाल्या, सर म्हणतात उघड आणि बघ. एकीने जुना सीआरओ, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र, उघडला होता, तो चालू नाही झाला, पण आत काय असतं ते आता तिला माहीत आहे. त्यांच्याकडूनच हिला कळलं की मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरमध्ये बीएस्सीच्या मुलांसाठी एनआययूएस म्हणून कार्यक्रम आहे, सुट्टीत तिथे जाऊन खऱ्या शास्त्रज्ञांबरोबर प्रोजेक्ट करता येतो, की आयएपीटी या फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेची एनजीपीई म्हणून परीक्षा असते ती द्यायची, आणि त्यांचे सर दर वर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास पोरांना कुलाब्याला टीआयएफआर बघायला घेऊन जातात. एवढी माहिती मला ३३ वर्षांत नव्हती असं नाही, पण आमच्या नोटीस बोर्डावरची असली पत्रकं वाऱ्याने उडायची आणि मीच ती झाडून काढायचो.

मुंबईच्या पोरांचं हे एक नशीब आहे जे तुमच्या तक्त्यात येत नाही. कुलाब्याला टीआयएफआर, ट्रॉम्ब्याला बीएआरसी, पवईला आयआयटी, मानखुर्दला होमी भाभा सेंटर, सगळं लोकल आणि बेस्टच्या पासात. कॉलेज साधं असलं तरी चालेल पण तिथल्या सरांना या ठिकाणी कोणाला फोन करायचा ते माहीत पाहिजे. उलट नाव मोठं, पण पोरगं तीन वर्षं वर्ग ते कँटीन ते चर्चगेट स्टेशन एवढंच फिरलं तर काय.

संपादकसाहेब, मागणी एकच आहे आणि ती फार खर्चाची नाही. पुढच्या वर्षी तक्ता छापाल तेव्हा कटऑफ ठेवा, लोकांना तो लागतो, पण बाजूला अजून चार आकडे कॉलेजांकडून मागवून छापा. फिजिक्सच्या शिक्षकांच्या मंजूर जागा किती आणि त्यातल्या कायमस्वरूपी भरलेल्या किती. प्रॅक्टिकलला एका सेटवर किती मुलं. चौथं वर्ष आहे की नाही. आणि मागच्या वर्षी टीवायला फिजिक्सला किती होते, त्यातले एमएस्सीला किती गेले. जे कॉलेज आकडा देणार नाही त्याच्यापुढे रेघ मारा, लोक काय ते समजतील. आणि कॉलेजवाल्यांना पण तुमच्यामार्फत विनंती आहे, ॲडमिशनच्या दिवसांत एक दिवस, एकच दिवस, लॅब उघडी ठेवा आणि एक सोडियम लॅम्प लावून ठेवा. माझ्यासारखा मामा प्रत्येक पोरीला नसतो, ओळखीवर कपाटं उघडून बघणं हे काही बरोबर नाही.

दाजी अजून आयटीवरच आहेत, पण फिजिक्सचा फॉर्म भरायला त्यांनी ओटीपी दिला. पहिली लिस्ट गुरुवारी आहे. तुमचा तक्ता अजून फ्रिजवरच आहे, फक्त स्टेशनच्या रकान्याशेजारी भाचीने पेनने अजून एक रकाना आखलाय, वर लिहिलंय खाडाखोड, आणि सहापैकी दोन नावांपुढे टिक केलीय.

आपला,
एक रिटायर्ड लॅब असिस्टंट, लालबाग
ता. क. नाव छापू नये, जुन्या कॉलेजात अजून माझी पेन्शनची फाइल आहे.